नाकाच्या सर्जरीनंतर वर्षांनी सुरू होणारा बधिरपणा आणि दुखणं: काय बघायचं, कुणाला दाखवायचं

ऱ्हायनोप्लास्टी (नाकाचा आकार बदलणारी सर्जरी) झाल्यावर नाकाचा शेंडा बधिर होतो, हे बहुतेकांना आधीच सांगितलेलं असतं. पहिले काही आठवडे शेंडा पुठ्ठ्याचा असल्यासारखा वाटतो. तीन ते सहा महिन्यांत बरीचशी जाणीव परत येते, उरलेली वर्षभरात, क्वचित दीड वर्षाने. त्यानंतरही जो थोडा बधिर भाग राहतो तो बहुधा कायमचा असतो, पण तो आपली हद्द वाढवत नाही.

नाक सहा-आठ वर्षं नीट होतं आणि आता मुंग्या, ठणका किंवा बधिरपणा सुरू झाला असेल, तर ती गोष्ट वेगळी. ऑपरेशनच्या वेळी दुखावलेली नस इतक्या वर्षांनी आपणहून नव्याने बधिर होत नाही. म्हणजे नाकात काहीतरी नवं घडतंय (व्रण आवळतोय, आत बसवलेली कूर्चा सरकतेय, इम्प्लांटला, म्हणजे आत बसवलेल्या कृत्रिम तुकड्याला, त्रास होतोय), नाहीतर ऑपरेशनशी संबंध नसलेलं काही सुरू झालंय. दोन्हींचा शोध घ्यावा लागतो. ‘जुन्या ऑपरेशनचंच असेल’ म्हणून गप्प बसणं ही यातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

ग्वाल्हेरमध्ये हा त्रास डिसेंबर-जानेवारीत जास्त जाणवतो. पारा चार-पाच अंशांवर, धुकं, आणि सकाळी शहराच्या लष्कर भागातून स्कूटरवर मुरार भागाकडे जायचं. थंडी हे दुखण्याचं कारणही असू शकतं आणि आधीपासून असलेलं दुखणं उघडं पाडणारं निमित्तही. त्यातलं कोणतं, हे घरीच बरंचसं कळतं.

आधी नकाशा काढा

नाकाच्या त्वचेला जाणीव देणाऱ्या नसा ठरलेल्या वाटांनी येतात, त्यामुळे बधिर भाग नेमका कुठे आहे त्यावरून निम्मं निदान होतं. नाकाच्या हाडाच्या कडेखालून, जिथे हाड संपून कूर्चा सुरू होते तिथून, दोन्ही बाजूंना एक बारीक नस बाहेर पडते. मधल्या रेषेपासून ती साधारण सात-आठ मिलिमीटरवर असते आणि खाली शेंड्यापर्यंत जाते. ऱ्हायनोप्लास्टीत सर्वांत जास्त दुखावते ती हीच. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळून येणारी दुसरी नस नाकाचं मूळ आणि वरची बाजू सांभाळते. नाकपुडीची बाहेरची बाजू, गाल, खालची पापणी आणि वरचा ओठ हा सगळा पट्टा डोळ्याखालच्या हाडातून निघणाऱ्या नसेचा. चौथी नस दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावरून खाली उतरते आणि वरच्या पुढच्या दातांमागच्या टाळूला जाते. पडद्याचं काम झालं असेल तर तिथला बधिरपणा ऑपरेशननंतर लगेच जाणवलेला असतो.

तपासायची रीत अशी. बाहेरून आल्यावर अर्धा तास घरात बसा, थंड नाकाची परीक्षा खोटी ठरते. डोळे मिटा आणि घरातल्या कुणालातरी कापसाचा बारीक ओढलेला धागा टेकवायला सांगा. घासायचा नाही, फक्त टेकवायचा. आधी कपाळावर, म्हणजे नीट लागलेलं कसं असतं ते कळेल. मग नाकाचं मूळ, मधला दांडा, शेंडा, दोन्ही नाकपुड्या, दोन्ही गाल, वरचा ओठ. मध्येच एखादवेळ न टेकवताच ‘लागलं का?’ विचारायला सांगा, नाहीतर आपण अंदाजाने हो म्हणत राहतो. कापूस झाला की एक चमचा साध्या पाण्यात आणि एक फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवून, पुसून, आळीपाळीने लावा: गार-साधं कळतं का? टूथपिकने टोचून पाहू नका. इम्प्लांटवरच्या पातळ त्वचेला ते भलतंच महाग पडेल.

समोरून काढलेल्या फोटोच्या झेरॉक्सवर बधिर भागाची सीमा पेनने आखा, तारीख घाला. जिथे दुखतं तिथे फुली. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं आणि तळहाताने दाखवावं लागणारं दुखणं यांची कारणं वेगळी असतात, म्हणून फुली करताना खरं काय ते बघा.

कागद शोधा

डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशनची नोंद कामाची. तिच्यात हे शब्द शोधा: ओपन की क्लोज्ड, ऑस्टिओटॉमी (हाड कापणं), सेप्टोप्लास्टी (पडद्याचं काम), टर्बिनेट, स्प्रेडर ग्राफ्ट, डॉर्सल ग्राफ्ट (ग्राफ्ट म्हणजे आत बसवलेला कूर्चेचा तुकडा), आणि इम्प्लांटची नावं: सिलिकॉन, गोअरटेक्स, मेडपोर. टाक्यांचं नाव असेल तर तेही. व्हिक्रिल सव्वादोन महिन्यांत विरतं, पीडीएस सहा-सात महिन्यांत. प्रोलीन आणि नायलॉन मात्र आत कायम राहतात आणि वर्षांनी डोकं वर काढू शकतात.

इंडियन मेडिकल काउन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तुमच्या ऑपरेशनला त्याहून जास्त वर्षं झाली असतील तरी लेखी अर्ज देऊन पाहा, बऱ्याच ठिकाणी रजिस्टर किंवा संगणकात नोंद सापडते. काहीच मिळालं नाही तर आरशासमोर मान वर करून दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर आडवा बारीक व्रण आहे का बघा. असला तर ओपन पद्धत. ऑपरेशनआधीचे फोटोही सोबत घ्या. दांडा चढवला होता की उतरवला होता, हे त्यावरून सांगता येतं, आणि चढवला असेल तर आत काहीतरी बसवलेलं आहेच.

पंधरा दिवसांची वही

रोज दोन ओळी पुरे: कधी झालं, किती वेळ, आधी काय चाललं होतं. थंड वारा, चष्मा, वाकणं, दात घासणं, चावणं, कुशीवर झोपणं, मासिक पाळी, सर्दी, यांतलं काय होतं ते लिहा.

चष्म्याकडे आधी बघा. त्याचा भार नेमका हाड आणि कूर्चेच्या जोडावर किंवा त्याच्या जरा वर पडतो, म्हणजे ती नस बाहेर पडते त्याच परिसरात. वय वाढतं तशी नाकावरची कातडी पातळ होते. पंचविशीत न टोचलेली ग्राफ्टची कड चाळिशीत टोचू लागते, आणि त्याच सुमारास जवळचा नंबर लागून चष्मा दिवसभर नाकावर येतो. दोन आठवडे हलकी फ्रेम, काचेऐवजी प्लास्टिकची भिंगं आणि रुंद मऊ सिलिकॉनचे पॅड वापरून पाहा. ठणका निम्म्यावर आला तर उत्तर मिळालं. मास्कची तार आणि हेल्मेटची काच याही याच हिशेबात धरा.

नाकातलीच कारणं

*नसेची गाठ.* दुखावलेल्या नसेचं टोक व्रणात गुंतून बारीक गाठ बनवतं. ओळख अशी: इअरबडच्या काडीच्या टोकाने हलकं दाबलं तर एकाच बिंदूवर झणका येतो आणि तो शेंड्याकडे धावतो. आजूबाजूला दाबलं तर काही नाही. डॉक्टर त्या बिंदूवर अर्धा ते एक मिलीलीटर लिग्नोकेन (जागा बधिर करणारं इंजेक्शन) देऊन पाहतात. पाच-दहा मिनिटांत दुखणं पूर्ण थांबलं तर निदान जवळपास पक्कं. पुढे त्याच जागी स्टिरॉइडचं अगदी कमी मात्रेचं इंजेक्शन, किंवा गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादी गोळी हळूहळू वाढवत देतात. या गोळ्यांचा परिणाम दिसायला आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडणारे बरेच असतात, आणि मग गोळीच खोटी ठरते.

*इम्प्लांट किंवा ग्राफ्ट.* सिलिकॉन दहा-पंधरा वर्षांनीही सरकू शकतं, त्याभोवती कॅल्शियम जमू शकतं, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. बरगडीची कूर्चा वाकते, कानाची किंवा पडद्याची थोडी झिजते. धोक्याची खूण कातडीवर दिसते: शेंडा किंवा दांडा एका जागी लाल, चकचकीत, ताणलेला, आणि मोबाइलच्या उजेडात खाली पांढुरकी कड. ही खूण दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कातडी फाटण्याआधी इम्प्लांट काढलं तर नाक वाचतं, फाटल्यावर व्रण आणि खड्डा दोन्ही मागे राहतात. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून तीन दिवस घेतलं की लाली ओसरते आणि आतला संसर्ग तसाच राहतो, म्हणून ते करू नका.

*टाक्याचा धागा.* नाकपुडीच्या आत किंवा शेंड्याजवळ त्याच जागी पुन्हा पुन्हा येणारी पुटकुळी, कधी केसासारखं टोचणारं निळं किंवा काळं टोक. ओढू नका, नखाने पिळू नका. ईएनटी सर्जन जागा बधिर करून तो काढतात, काम छोटं असतं.

*आतला दरवाजा.* नाकाच्या वरच्या भागात, पडदा आणि बाजूची कूर्चा यांमधली फट जेमतेम १० ते १५ अंशांची असते आणि श्वासाला सर्वांत जास्त अडथळा तिथेच. दांडा बारीक करताना ही कूर्चा सैल झाली असेल तर वर्षांनी ती आत बसू लागते. लोक त्याला ‘दुखतं’ म्हणत नाहीत, ‘नाक भरलेलं वाटतं, पण शिंकरायला काही नाही’ म्हणतात. खेळाडू वापरतात तशी नाकावर चिकटवायची पट्टी पाच-सात रात्री लावून झोपा. झोप सुधारली, सकाळी तोंड कोरडं पडलं नाही, तर दोष या फटीचा. गाल बाहेर ओढून श्वास सुधारतो का, ही कॉटलची चाचणीही करतात, पण गाल ओढल्यावर धडधाकट नाकालाही बरं वाटतं, म्हणून पट्टीवर जास्त विश्वास ठेवा.

*कोरडेपणा, खपल्या, पडद्याला भोक.* श्वास घेताना बारीक शिट्टी, खपल्या, अधूनमधून रक्त. मे-जूनची इथली लू आणि धूळ यांत हे फार वाढतं. मिठाच्या पाण्याने धुणं हाच मुख्य इलाज: २४० मिलीलीटर पाण्यात सपाट अर्ध्या चमच्याला जरा कमी साधं बिनआयोडीनचं मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. आरओचं पाणी निर्जंतुक नसतं आणि न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. इम्प्लांटवर लाली किंवा सूज असेल तर मात्र दाखवल्याशिवाय धुऊ नका.

आपल्या घरांत नाकात तूप सोडायची पद्धत आहे. नाकपुडीच्या कडेला बोटाने हलका हात फिरवणं ठीक. रोज रात्री आडवं होऊन थेंब सोडणं मात्र थांबवा, तेल-तूप थोडं थोडं फुफ्फुसात उतरून तिथे दाह करतं. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपलीकडे नकोत. आणि रंग उजळावा म्हणून बीटामेथासोन असलेलं मलम नाकावर लावत असाल तर आजच डॉक्टरांना सांगा. त्याने कातडी पातळ होते, आणि खाली ग्राफ्ट असलेल्या नाकाला नेमकं तेच परवडत नाही.

नाक निर्दोष असतं तेव्हा

ऑपरेशन झालेल्या माणसाच्या चेहऱ्याला काहीही झालं तरी बोट ऑपरेशनकडेच दाखवलं जातं. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बधिरपणा गालावर, खालच्या पापणीवर किंवा वरच्या ओठावर नव्याने आला असेल तर तो नाकाच्या जुन्या सर्जरीच्या नावावर खपवू नका. डोळ्याखालच्या नसेचा रस्ता गालाच्या सायनसच्या छतातून जातो. सायनसमधली गाठ, बुरशी किंवा जुना संसर्ग तिथे तिला दाबतो. मधुमेह असणाऱ्याच्या एका गालाला बधिरपणा, डोळ्याभोवती सूज, काळसर खपली किंवा टाळूवर काळा डाग, हे म्युकरमायकोसिसचं (काळ्या बुरशीचं) चित्र २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथे दिवस नाही, तास मोजायचे.

दात घासताना, तोंड धुताना, वाऱ्याच्या झुळकीने विजेसारखा झटका येऊन काही सेकंदांत जात असेल तर ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या जाणिवेच्या नसेचं दुखणं. नेहमीच्या प्रकारात त्यासोबत बधिरपणा नसतो. झटके आणि बधिरपणा दोन्ही असतील तर एमआरआय हवाच.

शेंड्यावर दोन-तीन दिवस जळजळ आणि मग बारीक पाण्याचे फोड आले, तर ती नागीण. शेंड्याला आणि डोळ्याला नस एकाच फांदीची, त्यामुळे डोळ्यालाही धोका असतो. औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावं, आणि डोळ्यांचे डॉक्टर त्याच दिवशी.

फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श कमी, सोबत बरेच दिवस चोंदलेलं, रक्ताळ नाक: कुष्ठरोग डोक्यात ठेवा. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असल्याने तिथला चट्टा पूर्ण बधिर नसूही शकतो. सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषध मोफत आहे, आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा होतो. लाजेपायी इथेच उशीर होतो.

वरच्या सुळ्याचं आणि पुढच्या दातांचं मूळ नाकाच्या तळाला लागून असतं. चमच्याच्या दांड्याने एकेक दात हलका ठोका. एकच दात दुखला तर आधी डेंटिस्ट.

एका बाजूचा चेहरा अचानक बधिर, तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळणं: १०८ ला फोन. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

डॉक्टरांकडे

पहिली भेट ईएनटीची, प्लास्टिक सर्जनची नंतर. आतून दुर्बिणीने पाहिल्याशिवाय बाहेरच्या आकाराची चर्चा व्यर्थ आहे. ग्वाल्हेरच्या सरकारी जयारोग्य रुग्णालयाच्या ओपीडीत, म्हणजे जेएएचला, ही तपासणी होते, खाजगीतही सहज मिळते. एक गोष्ट आवर्जून सांगा: दुर्बीण घालण्याआधी नाकात लिग्नोकेनचा फवारा मारतात, त्याच्या आधी बधिर भाग तपासून घ्या. फवाऱ्यानंतर काढलेल्या नकाशाला अर्थ नाही.

ओपीडीत वेळ कमी असतो. बसल्याबसल्या एवढंच सांगा: ‘आठ वर्षांपूर्वी ओपन ऱ्हायनोप्लास्टी, दांड्यावर सिलिकॉन. चार महिन्यांपासून डाव्या बाजूला या बिंदूवर दुखतं, शेंडा बधिर, आधी नव्हता. गाल आणि ओठ ठीक. मधुमेह नाही.’ आणि नकाशा पुढे करा.

पुढचा क्रम साधारण असा असतो. दुर्बिणीनंतर सायनसचं सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेवर पैसे घालवू नका, त्यात यातलं फारसं काही दिसत नाही. रक्तात एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), बी१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड). बधिरपणा गालापर्यंत पसरत असेल, झटके असतील किंवा डोळा दोन-दोन दाखवत असेल तर न्यूरोलॉजिस्ट आणि एमआरआय. सुधारणेची सर्जरी नाकात आधीच केली असेल, किंवा इम्प्लांट काढून बरगडीची कूर्चा बसवायची असेल, तर दिल्ली तीन-चार तासांवर आहे. अशा दुसऱ्या सर्जरीचा हात रोज चालणारा सर्जन तिथे शोधलेला बरा.

दुसरी सर्जरी बधिरपणासाठी करू नये. बधिरपणा तिने जात नाही, नवा व्रण मात्र वाढतो. सरकलेला ग्राफ्ट, बाहेर येऊ पाहणारं इम्प्लांट, बसलेली फट ही तिची खरी कारणं. आणि खड्डा भरायला फिलर (सुईने भरायचं जेल) घ्या असं कुणी सुचवलं तर थांबा. ऑपरेशन झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांच्या जागा बदललेल्या असतात, फिलर वाहिनीत शिरला तर कातडी मरते, दृष्टीही जाऊ शकते. तरीही घेणारच असाल तर फिलर विरघळवणारं हायल्युरॉनिडेज टेबलावर तयार आहे का, हे सुई लागण्याआधी विचारा.

तोवर नाक सांभाळायचं

बधिर कातडीला चटका कळत नाही. वाफ घेताना भांडं विस्तवावरून उतरवून पाच मिनिटं थांबा, तोंड हातभर लांब ठेवा, आधी हाताच्या मागच्या बाजूने अंदाज घ्या. हीटरकडे तोंड करून बसू नका, गरम पाण्याची पिशवी नाकाला लावू नका, बाम चोळू नका. स्कूटरवर मफलरचे दोन पदर नाकावरून घ्या, आणि आल्यावर नाक ओंजळीत धरून स्वतःच्याच श्वासाने गरम करा. थंडीत शेंडा निळसर-पांढरा पडत असेल तर सिगारेट आणि तंबाखू आधी बंद, दोन्हींनी बारीक वाहिन्या आवळतात. उन्हाळ्यात एसपीएफ ३० चं क्रीम.

लग्नसराईत प्रेसची नथ बधिर नाकपुडीवर सहा-सात तास राहते आणि खाली रुतून जखम होते, काढेपर्यंत पत्ता लागत नाही. दर तासाने काढून आरशात बघा. लाल ठसा दहा मिनिटांत गेला नाही तर त्या दिवसापुरती नथ ठेवून द्या. टोचायचं असेल तर ग्राफ्ट कुठे आहे हे सर्जनला विचारून, आणि इम्प्लांट असेल तर टोचूच नका.

दर महिन्याला त्याच खोलीत, त्याच माणसाकडून नकाशा पुन्हा काढा. सीमा जागच्या जागी किंवा आत येत असेल तर ठरलेली औषधं चालू ठेवा. बोटभरही बाहेर सरकली, किंवा मधली रेषा ओलांडून दुसऱ्या गालावर गेली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दोन्ही नकाशे घेऊन जा.